पाळकीणबाई कोण? एका वादाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, ‘पाळकीणबाई’ म्हटलं की पाळकसाहेबांची, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंची, बायको, हे वेगळं सांगावं लागत नाही. महिला मंडळाची सभा तिच्याकडे, नाताळच्या करंज्या तिच्या देखरेखीखाली, कुणाकडे मयत झाली तर बायकांत आधी तीच जाऊन बसणार. पगार काही नाही. अशा मंडळीत स्वतः दीक्षा घेतलेली बाई पाळक म्हणून आली की पहिली अडचण येते हाक मारताना. ‘पाळकीणबाई’ म्हणावं तर ती कुणाची बायको म्हणून आलेली नाही, ‘पाळकसाहेब’ म्हणायला जीभ वळत नाही. बहुतेक जण ‘मॅडम’वर सुटका करून घेतात. तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं, याचा तर कुणी विचारच केलेला नसतो. या हाकेमागे एक जुना वाद आहे: बाईला पाळकाची दीक्षा द्यावी की नाही.

‘मास्तरीण’ हा शब्द याच वाटेने गेला. आधी ती मास्तरांची बायको होती. मुलींच्या शाळा निघाल्या, बाया शिकवायला उभ्या राहिल्या आणि तोच शब्द त्यांच्या स्वतःच्या कामाचा झाला. ‘डॉक्टरीणबाई’चंही तसंच. पाळकीणबाई अजून मधेच अडकली आहे.

शब्दाचा हा गुंता थेट बायबलच्या नव्या करारापर्यंत जातो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सेवक, म्हणजे डीकन, कसे असावेत याची यादी चालू असताना 11व्या वचनात अचानक स्त्रियांचा उल्लेख येतो: त्यांनीही गंभीर असावं, चहाडखोर नसावं. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, स्त्री आणि पत्नी. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘हळदीकुंकवाला बायका जमल्या’ आणि ‘दोघा भावांच्या बायका’ यांत आपणही एकच शब्द वापरतो. मग त्या वचनातल्या या बायका कोण? डीकनांच्या घरच्या, की स्वतः डीकन असलेल्या? इंग्रजी भाषांतरांत दोन्ही उत्तरं सापडतात आणि प्रत्येक पंथाला आपल्याला सोयीचं भाषांतर मिळतं.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फिबी हे दुसरं उदाहरण. पत्र लिहिणारा पौल तिला किंख्रियाच्या मंडळीची ‘दियाकोनोस’ म्हणतो. पुरुष सेवकांसाठी वापरतो तोच शब्द, तोच व्याकरणातला पुल्लिंगी. मराठीत तिची ‘सेविका’ झाली. भाषांतर चुकीचं नाही, पण आज ‘सेविका’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे अंगणवाडी येते, भरपूर काम आणि तुटपुंजं मानधन. फिबी मात्र मोठं पत्र घेऊन समुद्रापार रोमला गेली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात सातव्या वचनातल्या युनियाला पौल प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. चौथ्या शतकात क्रिसोस्तोम या धर्मगुरूने तिला स्त्री समजूनच तिची थोरवी गायली. विसाव्या शतकात मात्र बराच काळ ग्रीक नव्या कराराच्या प्रमाण आवृत्त्या तिला पुरुष करून छापत होत्या. का, तर बाई प्रेषित कशी असेल!

पुढची शतकं थोडक्यात. 325 साली नायसियाच्या परिषदेने डीकनेसांचा उल्लेख अशा शब्दांत केला की त्यांच्यावर हात ठेवले जात होते, म्हणजे त्यांना दीक्षा मिळत होती, की नाही, यावर आजही वाद घालता येतो. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने चाळीस वर्षांच्या आतल्या बाईला डीकनेस म्हणून दीक्षा देऊ नये असं ठरवलं. म्हणजे चाळिशीनंतर देत होते. पश्चिमेकडे ही प्रथा हळूहळू विरली आणि कर्तबगार बायका मठांत गेल्या.

पुण्यापुरता हा इतिहास खरा सुरू होतो गुरुवार पेठेत, पंचहौदाजवळ. ज्या मिशनमधल्या चहाने 1890 साली पुण्यातल्या मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत अडकवलं, तोच हा परिसर. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या जोगिणी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या नन, पुण्यात आल्या 1877 मध्ये. त्यांच्याच ओळखीने एक तरुण विधवा 1883 साली लहान मुलीला घेऊन वाँटेजला गेली आणि त्याच सप्टेंबरात तिथे तिचा बाप्तिस्मा झाला. ही रमाबाई. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये तिला ‘पंडिता’ ही पदवी दिली होती, आणि ती कुणा पंडिताची पंडितीण म्हणून मिळालेली नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात ती शिकत आणि शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांनाही तिने शिकवावं अशी गोष्ट निघाली. विषय उपदेशाचा नव्हता, वेदीचाही नव्हता, निव्वळ भाषेचा होता. तरी सल्ला थेट बिशपांकडे गेला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. कारण असं दिलं की हिने पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं, तर तिथल्या लोकांत तिचं वजन राहणार नाही. म्हणजे हिंदू समाजाला काय चालणार नाही, हे इंग्रज बिशप ठरवत होते आणि ज्या बाईने बंगालपासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्यानं दिली, तिलाच ते ऐकवलं जात होतं. रमाबाईंनी उत्तर दिलं ते घरच्या दाखल्याने: माझ्या आईने किंवा मी तरुण मुलांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली, ना नवऱ्याने; हरकत निघाली ती काही इंग्रज माणसांकडून, याचं नवल वाटतं. पत्रव्यवहार पुढे बराच चालला, आणि ज्या जोगिणीला त्या आई मानत तिलाही त्यांनी लिहून कळवलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे.

हा निर्णय छोटा म्हणून इतिहासात दुर्लक्षिला जातो. माझ्या मते सगळ्या वादाचं बी त्यातच आहे. बाईने बाईला शिकवावं, इथपर्यंत कुणाचंच भांडण नसतं. समोर पुरुष बसला की वचनं निघतात.

पुढे केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार मुली-बाया होत्या. 1905 च्या संजीवनात, म्हणजे धार्मिक जागृतीच्या लाटेत, मुलींचे गट गावोगाव सुवार्ता सांगत फिरले. बाप्तिस्मा द्यायला मात्र दीक्षित पुरुष बाहेरून बोलवावा लागे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ पूर्ण होऊन बाहेर आला 1924 मध्ये. प्रभुभोजनाची भाकर मोडायचा अधिकार त्यांना कोणत्याच मंडळीने दिला नाही, त्यांनीही मागितला नाही.

विसाव्या शतकात गाडं हललं ते आधी अडचणीपोटी. 1944 साली, युद्धामुळे मकावला पाळक पोहोचू शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांनी तिथल्या चिनी डीकनेसला प्रीस्ट म्हणून दीक्षा दिली. युद्ध संपलं, वरून दबाव आला आणि 1946 मध्ये तिने परवाना परत केला. खुद्द इंग्लंडच्या चर्चने 1992 मध्ये दार उघडलं. सामान्य सभासदांच्या सभागृहात दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता. बाई बिशप व्हायला 2015 उजाडलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या पदी, बाईचं नाव जाहीर झालं.

आपल्याकडे 1947 साली दक्षिणेत आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन संयुक्त मंडळ्या झाल्या. दक्षिणेत 1976 मध्ये पहिल्या बाईला दीक्षा मिळाली आणि 2013 मध्ये नंद्यालला बाई बिशप झाली. उत्तरेकडच्या मंडळीत तो दिवस त्यानंतर दहाएक वर्षांनी ओडिशात आला. पुण्यात तो आलेला नाही.

सगळ्यांना एका मापाने मोजण्यात अर्थ नाही. बिबवेवाडीची सेमिनरी 1983 साली यवतमाळहून इथे आली. तिथे मुली थिऑलॉजीची पदवी घेतात, पण बाहेर पडल्यावर पुलपिट मिळेल की संडे स्कूल, हे ज्या त्या पंथावर. नगर रोडला रामवाडीच्या कॅथलिक विद्यापीठात सिस्टर्स भावी फादरांच्या शेजारी बसून तेच विषय शिकतात. त्यांच्यासाठी गुरुदीक्षेचं दार 1994 च्या पोपपत्राने बंद केलं. 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बायकांना पहिल्यांदा मत मिळालं, एवढीच फट. सगळ्यात गमतीची गोष्ट औंधला आवार असलेल्या ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची. त्यांच्या पंथाच्या संस्थापकांत एक बाई, तिचं लिखाण त्यांना प्रेरित वाटतं; तरीही बायकांना दीक्षा द्यायची की नाही हे ज्या त्या विभागाने ठरवावं, हा प्रस्ताव 2015 मध्ये 1,381 विरुद्ध 977 मतांनी फेटाळला गेला.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका बाळाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हातात आला. बाप्तिस्मा दिला होता एका बाईने. छापील नमुना जुनाच, खाली रेघ आणि तिच्याखाली ‘पाळकसाहेबांची सही’. तिने काही खोडलं नव्हतं. रेघेवर निळ्या शाईत तिची स्वच्छ सही होती, आणि दाखला घरी आल्यावर आजीने चष्मा लावून दोनदा विचारलं, ‘अगं, साहेबांची सही राहिली का?’