अंगभूत मेथडचे लँग्वेज मॉडेलकडून अनुकरण

प्रोग्रॅमिंग भाषेसोबत तयार मिळणाऱ्या मेथडचे किंवा फंक्शनचे, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे काम, मूळ कोड न चालवता, लँग्वेज मॉडेलकडून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआय प्रणालीकडून, करवून घेण्याची ही रीत आहे. 'तू पायथॉनचे सॉर्टेड फंक्शन आहेस. दिलेल्या यादीचा क्रम लावून फक्त आउटपुट दे', असे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, सांगितले जाते आणि मॉडेलने लिहिलेला मजकूरच फंक्शनचे उत्तर म्हणून वापरला जातो. 2014 मध्ये वोइचेख झारेंबा आणि इल्या सुटस्केव्हर यांनी छोटे पायथॉन प्रोग्रॅम एकेक चिन्ह वाचून त्यांचे आउटपुट सांगण्यास न्यूरल नेटवर्कला शिकवले होते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर मात्र असे खास शिक्षण न देता, नुसत्या सूचनेवर, हा प्रयोग कोणालाही करता येऊ लागला.

बाहेरून दोन्ही उत्तरे सारखी दिसली तरी ती निघतात निरनिराळ्या वाटांनी. सॉर्टेडच्या मागे असलेला, टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथॉनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट घटकांची प्रत्यक्ष तुलना करतो, तर मॉडेल मजकुराचे टोकन, म्हणजे छोटे तुकडे, पाडून पुढचे संभाव्य टोकन कोणते, एवढेच ठरवत जाते. त्यामुळे यादी लांबली की मॉडेलकडून एखादा घटक गळू शकतो किंवा दोनदा येऊ शकतो, आणि एकाच इनपुटला दोन वेळा दोन उत्तरे मिळू शकतात.

याहून अवघड अडचण अशी की मॉडेल अनेकदा फंक्शन काय करते ते न सांगता माणसाला काय हवे असेल ते सांगते. मराठी शब्दांवर हे चटकन दिसते. 'कमळ', 'खडक' आणि 'क्षमा' हे शब्द सॉर्टेडला दिले तर ते युनिकोड क्रमांकांप्रमाणे (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांप्रमाणे) 'कमळ, क्षमा, खडक' असे लावते, कारण युनिकोडच्या लेखी 'क्ष' म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष. वर्णमालेत 'क्ष' शेवटी म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या सवयीने मॉडेलने 'क्षमा' शेवटी ठेवली, तर ते उत्तर वाचकाला रास्त वाटेल, पण अनुकरण म्हणून चुकीचे ठरेल. तसेच 'मराठी' या शब्दाची लांबी पायथॉनचे लेन फंक्शन 5 सांगते, कारण म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ती मोजणी होते. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. संख्या जवळच्या पूर्णांकात आणणाऱ्या राउंड फंक्शनला 2.5 दिल्यास 2 मिळतात, शाळेत शिकवलेले 3 नव्हे. फंक्शनच्या अशा खोडी जिथे प्रसिद्ध आहेत तिथे मॉडेल बहुधा बरोबर येते; आडवाटेच्या खोडींवर ते घसरते.

पडताळणीसाठी आलेल्या यादीत मूळचेच घटक तितक्याच वेळा आहेत का, हे मोजता येते, पण पूर्ण खातरजमा करायची तर मूळ फंक्शन चालवणेच सोपे पडते, आणि तसे असताना मॉडेलला विचारायचे कशाला, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच पुढे मॉडेलने कोड लिहायचा आणि तो खऱ्या इंटरप्रिटरने, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवायचा, ही विभागणी रुळली.

अनुकरणाला खरा उपयोग सापडतो तो निकष कोडमध्ये मांडता येत नाही तेव्हा. नागरिकांच्या तक्रारी तातडीनुसार लावायच्या असतील, तर 'रस्त्यावरचे गटार उघडे' ही तक्रार 'बागेतला दिवा बंद' हिच्या आधी यावी, हे वर्णक्रमाने लावणाऱ्या सॉर्टेडला आपणहून कळत नाही. मॉडेल मात्र मजकुराच्या अर्थावरून तसा क्रम लावू शकते.