रजिस्ट्रीतले उणे चोवीस

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात 'रजिस्ट्री' म्हटले, की जागेचे खरेदीपत्र आणि सबरजिस्ट्रार कचेरीत मोडलेला दिवस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे खडेबाजारातील माझ्या परिचयाच्या एका दुकानदारांना संगणक दुरुस्त करणाऱ्याने "तुमची रजिस्ट्री बिघडली आहे, क्लीनर मारावा लागेल" असे सांगितले, तेव्हा ते प्रथम दुकानाच्या कागदपत्रांच्याच काळजीत पडले. संगणकातील रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि तिच्यावरील प्रोग्रॅम आपल्या सेटिंगांच्या नोंदी जेथे ठेवतात ती जागा, आणि क्लीनर म्हणजे तिच्यातील निरुपयोगी नोंदी काढून संगणक वेगवान करण्याचा दावा करणारा प्रोग्रॅम. मूळ तक्रार अगदी साधी होती. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी त्यांच्या जुन्या बिलिंग प्रोग्रॅमच्या प्रत्येक बिलावर 'बेळगाव' असेच छापून येत होते. नाव कोणते असावे, हा या लेखाचा विषय नाही. ते नाव संगणकात कोठे राहते आणि बदलले म्हणजे नेमके काय घडते, हा आहे.

विंडोजच्या आरंभीच्या काळात अशा नोंदी 'विन.आयएनआय'सारख्या साध्या मजकुराच्या फाइलींत असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहान स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून ती साऱ्या सेटिंगांचे मुख्य घर बनली. तिच्यात एकात एक कप्पे असतात आणि कप्प्यांत नाव, प्रकार व मजकूर असलेल्या नोंदी असतात. कप्प्याला मूळ संज्ञा 'की' अशी आहे, पण मराठी वाक्यात ती लिहिली की घोळ होतो, म्हणून येथे कप्पाच म्हणतो. प्रोग्रॅमला करायचे असते ते एवढेच: कप्पा उघडायचा, नोंद वाचायची किंवा लिहायची आणि कप्पा बंद करायचा. विंडोज उत्तरादाखल एक आकडा देते. शून्य म्हणजे काम झाले, २ म्हणजे असे काही सापडले नाही, ५ म्हणजे परवानगी नाही.

हे सारे डिस्कवर ज्या फाइलींत साठते त्यांना 'हाइव्ह' म्हणतात. माझे मन रमते ते त्यांच्या आतील रचनेत. हाइव्हच्या आरंभी ४,०९६ बाइट्सचे मुखपृष्ठ असते आणि त्यानंतर ४,०९६ च्या पटीतले गठ्ठे, त्या गठ्ठ्यांत लहानमोठे खण. प्रत्येक खणाच्या पहिल्या चार बाइट्समध्ये त्याचा आकार लिहिलेला असतो. हा आकडा उणे असेल तर खण वापरात आहे आणि अधिक असेल तर तो रिकामा आहे.

आता 'बेळगाव' हा शब्द घेऊ. रजिस्ट्री मजकूर प्रत्येक चिन्हास दोन बाइट्स या हिशेबाने ठेवते. प्रत्येक लिपीतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत 'ब'चा क्रमांक २३४८. तो २५६ च्या नऊ पटी अधिक ४४ असा फोडून, लहान भाग आधी या रीतीने, ४४ आणि ९ असा लिहिला जातो. मात्रा आणि काना ही स्वतंत्र चिन्हे असल्याने 'बेळगाव'ची चिन्हे होतात सहा, म्हणजे बारा बाइट्स. शेवट दाखवणारी दोन शून्ये धरून चौदा, खणाच्या आकाराची चार धरून अठरा. खणाचा आकार आठच्या पटीत असावा लागतो, म्हणून चोवीस. आणि खण वापरात असल्याने तेथे −२४ असे लिहिले जाते. 'बेळगावी'ला एक चिन्ह अधिक लागते, पण हिशेब विसावर जातो आणि त्यालाही चोवीसचाच खण पुरतो. मजकूर चार बाइट्सचा किंवा त्याहून लहान असेल, तर त्यासाठी वेगळा खणही लागत नाही. तो नोंदीतच, एरवी खणाचा पत्ता लिहितात त्या जागी, मावतो.

लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडच्या पावसाळ्यात कोणालाही सुचेल. मुखपृष्ठावर दोन क्रमांक असतात. लेखन सुरू करताना पहिला वाढतो, ते पुरे झाले की दुसरा. संगणक पुन्हा सुरू होताना दोन्ही जुळले नाहीत, तर लेखन अर्धवट राहिले हे विंडोजला समजते आणि बदल टिपून ठेवणाऱ्या शेजारच्या लॉग फाइलींवरून ते हाइव्ह सावरून घेते.

हे पाहिल्यावर क्लीनरचा दावा पोकळ ठरतो. प्रोग्रॅम आपल्या नोंदीकडे ठरलेल्या कप्प्यांतून जातो. वाटेत नसलेल्या दोनशे निरुपयोगी नोंदी त्याच्या पायात येत नाहीत, त्यामुळे त्या काढून जाणवण्याजोगा वेग मिळत नाही, चुकून उपयोगी नोंद मात्र जाऊ शकते. अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचेही समर्थन नाही. खंडेनवमीला सीपीयूला लावलेले हळदकुंकू निदान निरुपद्रवी असते.

दुकानदारांसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याने 'बेळगावी' लिहिले, उत्तर शून्य आले आणि बिलावर पुन्हा 'बेळगाव'च उमटले. कारण उमगायला संध्याकाळ गेली. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम 'लोकल मशीन' या साऱ्या संगणकासाठीच्या मुख्य कप्प्यातील 'सॉफ्टवेअर' कप्पा मागतो, तेव्हा विंडोज त्याला न कळवता 'वॉव६४३२नोड' नावाच्या उपकप्प्यात नेते. माझा प्रोग्रॅम ६४ बिटांचा असल्याने तो सरळ मूळ जागी लिहीत होता. दोघांनी पत्ता एकच सांगितला होता, घरे मात्र दोन होती. कप्पा उघडताना '३२ बिटांचे दालन हवे' अशी खूण जोडली आणि पुढचे बिल बरोबर निघाले.

चुकीच्या जागी लिहिलेली नोंद मी पुसून टाकली. मग कुतूहल म्हणून संगणक नीट बंद करून तो पेन ड्राइव्हवरील लिनक्सवर सुरू केला आणि त्या हाइव्हची प्रत काढून तिचे बाइट्स उघडले. खणावरचे −२४ आता २४ झाले होते, आणि त्यापुढे ४४, ९, ७१, ९ पासून ६४, ९ पर्यंत, शेवटच्या दोन शून्यांसह, 'बेळगावी' जसेच्या तसे होते.