‘आयर्विन’वरचा रफार कोण काढतं?

कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की सांगलीत दोनच गोष्टी विचारल्या जातात: पातळी किती, आणि चढतेय की उतरतेय? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे भरपूर फिरतात, पण त्यातला आजचा कुठला आणि कालचा कुठला, याचा पत्ता लागत नाही.

समजा, डिप्लोमाला असलेल्या एखाद्या मुलीने ठरवलं की घरच्या दुकानातल्या संगणकावर यासाठी एक छोटी खिडकी करायची. वर ‘आयर्विन पूल’ असा मथळा, खाली मोठा आकडा, चाळीस ओलांडले की पिवळा, पंचेचाळीस ओलांडले की लाल, आणि ‘ताजी पातळी’ असं एक बटण. (घर कधी सोडायचं हे मात्र प्रशासनाच्या इशाऱ्यावरच ठरवायचं, असल्या खिडकीवर नव्हे.)

काम किरकोळ वाटतं, पण पडद्याला बटण वगैरे काही कळत नाही. त्याच्याकडे फक्त रंगीत ठिपके असतात. बटणाची चौकट, माउस वर आला की बदलणारा रंग, टॅब दाबला की पुढच्या बटणावर जाणं, खिडकी ताणली की सगळ्यांनी सरकून बसणं, हे सगळं कुणीतरी आधी लिहिलेलं असावं लागतं. अशा तयार सामानाला टूलकिट म्हणतात. टीके, जीटीके, क्यूटी, डब्ल्यूएक्सविजेट्स आणि अलीकडचं फ्लटर ही त्यातली गाजलेली नावं, आणि या सगळ्यांचा सोर्स कोड खुला आहे.

हे खुलेपण आपसूक आलेलं नाही. नव्वदच्या दशकात युनिक्स या संगणकप्रणालीवर खिडक्या करायच्या तर मोटिफ नावाचं टूलकिट चाले, आणि त्याला पैसे पडत. बर्कलीतले दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, गिम्प हा चित्रं सुधारायचा प्रोग्राम लिहीत होते. मोटिफला कंटाळून त्यांनी स्वतःचंच टूलकिट लिहिलं, तेच जीटीके. तिकडे नॉर्वेत क्यूटी तयार झालं आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या केडीई या डेस्कटॉपने, म्हणजे लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या खिडक्या-मेनूंच्या मांडणीने, ते उचललं. क्यूटी उत्तम होतं, पण त्याच्या परवान्यात खोच होती. कोड वाचायला मिळे, फुकट सॉफ्टवेअरसाठी वापरताही येई, पण त्यात बदल करून तो वाटायची मुभा नव्हती. यावरून बरंच वाजलं. १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला, तो जीटीकेवर. शेवटी २००० मध्ये क्यूटी जीपीएल या पूर्ण खुल्या परवान्याखाली आणि २००९ मध्ये एलजीपीएल या त्याच्याच सैल रूपाखालीही मिळू लागलं. माझ्या मते त्या भांडणाने सगळ्यांचं भलंच केलं. दोन्ही टूलकिट आज जोरात आहेत.

आता बटणाकडे येऊ. खिडकीवाला प्रोग्राम बहुतेक वेळ काहीच करत नसतो, वाट बघत असतो. क्लिक झाली, कळ दाबली, खिडकी झाकली गेली, उघडली, अशा घटना रांगेत येतात आणि मेनलूप नावाचं चक्र त्या एकेक करून निकालात काढतं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला एकटा माणूस डोळ्यांसमोर आणा. कुणा एकाची गाडी कुठे आहे हे बघायला तोच उठून डेपोत गेला, तर मागची सगळी रांग तटून राहते. नवशिक्याच्या प्रोग्राममध्ये हेच होतं. ‘ताजी पातळी’ दाबलं, इंटरनेटवरून आकडा यायला दहा सेकंद लागले, आणि तेवढा वेळ खिडकी थिजली. ती पडद्यावर पुन्हा रंगवायलाही कुणी नाही, म्हणून ती पांढरी पडते आणि विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणून मोकळं होतं. प्रोग्राम बिघडलेला नसतो, फक्त मेनलूप अडकलेलं असतं. उपाय असा की आकडा आणायचं काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या कामगाराकडे, द्यायचं आणि आलेला आकडा खिडकीत लिहायचं काम मात्र मुख्य थ्रेडकडेच ठेवायचं.

खरी गंमत मथळ्यात आहे. ‘आयर्विन’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत सात चिन्हांचा असतो: आ, य, र, हलन्त, व, वेलांटी, न. पडद्यावर मात्र वेलांटी ‘व’च्या आधी यायला हवी, आणि ‘व’च्या आधी टाइप केलेला ‘र’ रफार होऊन डोक्यावर बसायला हवा. ही उलथापालथ बटण काढणारा कोड करत नाही. जीटीके ते काम मजकूर मांडणाऱ्या पँगोकडे देतं आणि पँगो हार्फबझकडे. हार्फबझ ही मोफत, खुली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड. तिला चिन्हं आणि फॉन्ट दिला की फॉन्टमधले नियम वाचून कुठला आकार कुठे काढायचा ते ती सांगते. क्यूटीही तीच वापरतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिससुद्धा. म्हणजे देवनागरीची एखादी चूक तिथे दुरुस्त झाली की ती दुरुस्ती या सगळ्यांपर्यंत पोचते.

टीके इथे मागे पडतं. विंडोजवर ते विंडोजच्याच अक्षरयंत्रणेवर विसंबतं, त्यामुळे मराठी नीट दिसतं. लिनक्सवर टीके ८.६ हार्फबझकडे जातच नाही; रफार होत नाही आणि वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट बदलून यात काही फरक पडत नाही, हे माहीत नसेल तर अख्खा दिवस फॉन्ट शोधण्यात जातो.

आणखी एक नेहमीची खोट उंचीची. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून पट्टीची उंची ठिपक्यांत बांधून टाकली की ‘पूल’चा ऊकार खालून कापला जातो. जागेचं गणित टूलकिटवरच सोडावं, मजकुराला लागेल तेवढी जागा ते स्वतःच धरतं.

त्या मुलीने सुरुवात टीकेवरच करावी, पाच-सहा ओळींत खिडकी उभी राहते. विंडोजवर ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबरच येतं, उबुंटूवर वेगळं बसवावं लागतं. दुकानातला संगणक लिनक्सवर असेल तर मात्र थेट क्यूटी किंवा जीटीके घ्यावं. क्यूटी डिझायनरमध्ये बटणं माउसने ओढून मांडता येतात. उद्या तिने मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाचे कागद) करणारा प्रोग्राम लिहून विकायचा म्हटला, तरी एलजीपीएलखालचं टूलकिट चालतं. स्वतःचा कोड झाकून ठेवता येतो, फक्त टूलकिटमध्ये केलेले बदल खुले ठेवावे लागतात आणि गिऱ्हाइकाला त्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती बसवायची वाट मोकळी ठेवावी लागते.