मारियाना ट्रेंचमधला खरा प्राणी आणि त्याचं ॲल्युमिनियमचं आवरण

मारियाना ट्रेंच म्हणजे पॅसिफिकच्या तळाची जगातली सगळ्यात खोल घळ. तिच्यावरचे व्हिडिओ बघायला गेलं की मेगालोडॉन शार्क हटकून समोर येतोच, म्हणे तो अजून तिथे खाली लपून बसलाय. हा शार्क साधारण 36 लाख वर्षांपूर्वी संपला, आणि होता तेव्हाही तो वरच्या पाण्यात मोठमोठी शिकार करणारा प्राणी, जवळजवळ 11 किलोमीटर खाली त्याचं पोट कशावर भरणार? मला राग याचा येतो की या भाकडकथांच्या गर्दीत तिथे खरोखर राहणारा प्राणी कोणाला दिसतच नाही. त्याचं नाव हिरोंडेलिया गिगास, लांबी फार तर चार-पाच सेंटीमीटर.

फोटो बघून कोणीही म्हणेल ही तर कोळंबी, बातम्यांमध्येही तसंच छापतात. पण नाही. दोघं संधिपाद, दोघं क्रस्टेशियन म्हणजे कवचधारी, अगदी मॅलॅकोस्ट्राका या वर्गापर्यंत घराणं एकच, तिथून पुढे मात्र वाटा वेगळ्या. कोळंबी, खेकडे, शेवंड हे डेकापोडा गणातले आणि हा ॲम्फिपोडा गणातला, ज्यात 10 हजारांच्या वर प्रजाती आहेत. कोळंबीचं डोकं आणि छाती एकाच अखंड कवचाखाली असते, ॲम्फिपॉडला ते कवच नसतं त्यामुळे शरीराचे खंड वेगवेगळे दिसतात, कोळंबीचे डोळे देठावर असतात आणि याचे थेट डोक्याला चिकटलेले. मादीच्या छातीखाली एक पिशवी असते, अंडी त्यातच वाढतात आणि पिल्लं बाहेर येतात ती आईबापांचीच छोटी आवृत्ती म्हणून, पाण्यात तरंगत दूर जाणारी अळीची अवस्था मधे नाहीच. त्यामुळे यांना लांबवर पसरणं अवघड जातं. गिगास सापडतो तो वायव्य पॅसिफिकमधल्या मारियाना, फिलिपिन्स, इझू-ओगासावारा, जपान अशा ट्रेंचमध्ये, आणि तिकडे दक्षिणेला न्यूझीलंडजवळच्या केर्माडेक ट्रेंचमध्ये गेलात तर त्याचा भाऊबंद हिरोंडेलिया डुबिया भेटतो.

बिरस्टाइन आणि विनोग्रादोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1955 मध्ये याचं वर्णन केलं. समुद्राचा 6 हजार मीटरच्या खालचा भाग म्हणजे हेडल झोन, तिथे उजेड शून्य, पाणी एक ते अडीच अंश सेल्सियस, आणि मारियानातली सगळ्यात खोल जागा असलेल्या चॅलेंजर डीपच्या तळाशी दाब वातावरणाच्या हजार पटीहून जास्त. मग हा चिरडत कसा नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तर शरीरात हवेची पोकळीच नाही, आत पाणी बाहेर पाणी, दाब दोन्हीकडून सारखाच. दाबाचा खरा त्रास प्रोटीनच्या रेणूंना होतो, त्यांचा आकार बिघडतो.

पण मला यातली सगळ्यात आवडणारी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे चुना. क्रस्टेशियनचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं आणि त्याला कडकपणा देतो कॅल्शियम कार्बोनेट. शाळेतला प्रयोग आठवा, चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते आणि सोडतच राहिलात की परत नितळ, कारण जास्तीच्या वायूने कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. खोल समुद्रात हेच चालतं, पाणी गार, दाब प्रचंड, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे पॅसिफिकमध्ये साधारण साडेचार हजार मीटरच्या खाली वरून पडणारे चुन्याचे शिंपले-कवचं तळाशी साठतच नाहीत, विरघळून जातात. आणि गिगास तर त्याच्या दुपटीहून खोलही राहतो, कवचात कॅल्शियम कार्बोनेट बाळगून!

हिदेकी कोबायाशी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याचं उत्तर छापलं. कवचाच्या पृष्ठभागावर त्यांना ॲल्युमिनियम सापडलं. 'ॲल्युमिनियमचं चिलखत' अशा हेडलाइन वाचून वाटतं की याने धातूचा पत्रा घातलाय, तसं काही नाही, हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेल आहे, ॲसिडिटीच्या औषधात असतो तोच पदार्थ. पण समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळलेलं जवळजवळ नसतंच, मग हा आणतो कुठून? तळाच्या चिखलातून. मातीत ॲल्युमिनियम खूप असतं, फक्त ते सिलिकेट नावाच्या खनिजांमध्ये घट्ट अडकलेलं असतं. याच टीमने 2012 मध्ये दाखवलं होतं की याच्या पोटात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम आहे, म्हणजे वरून बुडत आलेला लाकूडफाटा, पानांचा कचरा खाऊन हा त्यातून ग्लुकोज काढतो. त्याच्या शरीरात ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक ॲसिड बनतं, चिखल पोटात गेला की हे ॲसिड त्यातल्या ॲल्युमिनियमच्या आयनला पकडून बाहेर ओढतं, ॲल्युमिनियम ग्लुकोनेट तयार होतं, आणि हे संयुग किंचित अल्कलाइन असलेल्या समुद्राच्या पाण्यात आलं की आयन मोकळे होऊन हायड्रॉक्साइडचा जेल होतो आणि तो कवचावर बसतो, चुन्याचा पाण्याशी थेट संबंध तुटतो. म्हणजे आत ॲसिड बाहेर अल्कली, या पीएचच्या फरकावर सगळा खेळ, आणि कच्चा माल काय तर जमिनीवरून वाहत आलेला कचरा आणि पायाखालचा गाळ!

वरून येतं ते सगळं खाऊन जगायचं म्हटल्यावर आपण टाकलेलंही पोटात जाणारच. 2017 मध्ये ॲलन जेमिसन यांच्या टीमने मारियाना आणि केर्माडेकमधले ॲम्फिपॉड तपासले तेव्हा त्यात पीसीबी सापडले, आधी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरायचे आणि नंतर बंदी घातली ती रसायनं. मारियानातल्या काही नमुन्यांत तर चीनमधल्या अतिप्रदूषित नदीच्या पाण्यावरच्या भातशेतीतल्या खेकड्यांपेक्षा 50 पट जास्त. पुढे 2019 मध्ये त्यांनीच सहा ट्रेंचमधल्या ॲम्फिपॉडची पोटं उघडली, आणि मारियानातल्या तपासलेल्या प्रत्येकाच्या पोटात मायक्रोप्लास्टिकसारखे कण किंवा धागे मिळाले.