घारी मोजायच्या का नाहीत? रॅप्टर काऊंटची मागची गोष्ट

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर बसून वसंतात उत्तरेला परतणारे रॅप्टर, म्हणजे शिकारी पक्षी, मोजायचं ठरतंय तेव्हापासून आपल्यात एकाच गोष्टीवर काथ्याकूट चाललाय, ती म्हणजे घार. म्हणून म्हटलं ही मोजदाद मुळात कुठून आली ते एकदा लिहून टाकू, म्हणजे निदान भांडण तरी नीट होईल.

कोल्हापूर संस्थानच्या काळातले शिकारीचे चित्ते, ते सांभाळणारे चित्तेवान, दाजीपूरचं शिकारीचं रान आणि १९५८ चं अभयारण्य हे सगळं आपल्याला पाठ आहे, ते परत सांगत बसत नाही. त्या काळी आकडा लिहायचा तो मारलेल्या जनावराचा, एवढंच. जिवंत पक्षी नुसता वरून गेला म्हणून वहीत टिपायचा ही कल्पना इथली नव्हे, आणि गंमत म्हणजे जिथं ती रुजली तिथंही आधी बंदुकाच होत्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९२९ ला एका जातीच्या बाजावर ५ डॉलरचं इनाम लावलं होतं, शरदात अ‍ॅपलाचियन डोंगररांगेवरून ससाणे-गरुड जायला लागले की लोक कड्यावर बसून पाडायचे. १९३४ ला न्यूयॉर्कच्या एका बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला, राखायला एक माणूस ठेवला आणि त्या माणसाने राखता राखता मोजायला सुरवात केली. महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ती मोजणी अजून चालू आहे.

आता यातला महत्त्वाचा भाग. त्या माणसाने नुसतं 'गरुड इतके' असं लिहिलं नाही, पांढऱ्या डोक्याचा मोठा गरुड वेगळा आणि कोवळा वेगळा लिहिला. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्यांपैकी साधारण ४० टक्के कोवळे होते, १९५५ ते ५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले, म्हंजे पिल्लंच जगत नव्हती. १९६२ ला कीटकनाशकांवर जे गाजलेलं पुस्तक आलं त्यात हे आकडे आले आणि १९७२ ला अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली (कारणं बरीच होती, पण हे एक होतं). नुसती बेरीज ठेवली असती तर एवढं स्पष्ट काही दिसलं नसतं, कारण मोठे गरुड लई वर्षं जगतात आणि ते येतच राहतात. हे घारीच्या मुद्द्यावर परत लागणार आहे.

ही झाली शरदातली मोजणी. वसंतातली वेगळ्या जागी जमते कारण पक्षी परत जाताना वेगळ्या अडथळ्यापाशी तुंबतो. उत्तरेला निघालेले पक्षी ऑन्टॅरिओ सरोवरापाशी येऊन थबकतात, थंड पाण्यावर थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळत नाही, मग दक्षिण काठ धरून सरकतात आणि तिथं माणसं मार्चपासून खुर्च्या टाकून बसतात. इस्राएलमध्ये एलात हे त्याहून मोठं प्रकरण. १९८५ च्या वसंतात तिथं दहा लाखांवर रॅप्टर मोजले, त्यात साडेआठ लाखांच्या आसपास नुसत्या युरोपातल्या मोहोळघारी (माश्यांची पोळी फोडून खाणारा वेगळा शिकारी पक्षी, आपली घार नव्हे). त्याच्या दोनच वर्षं आधी त्या देशात एक मोहोळघार लढाऊ विमानाची काच फोडून आत घुसली होती आणि पायलट सीटसकट बाहेर फेकला गेला होता, वाचला. त्या दशकात तिथलं हवाई दलही पक्ष्यांच्या वेळा बघून उड्डाणं ठरवायला लागलं. नाद म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला सरकारी पैसा कसा मिळतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या बाजूला म्हणाल तर नेपाळमध्ये १९८० च्या दशकापासून, मग धरमशाळेजवळ २००१ चा शरद आणि २००२ चा वसंत, तिथं हजारोंनी स्टेप गरुड मोजले गेले, शरदात पश्चिमेकडं जाणारे आणि वसंतात उलटे. गुजरातेत वेळावदरला पद्धत वेगळी, संध्याकाळी गवतात रातथाऱ्याला उतरणारे भोवत्ये (गवतावरून खाली खाली उडणारे शिकारी पक्षी) मोजायचे. आणि आपल्या सर्वात जवळचं म्हणजे साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठार. तिथल्या पवनचक्क्यांवरचा अभ्यास २०१८ ला आला, चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि त्यामुळे गळ्याला पंखा असलेले सरडे जास्त. तिथंही पक्षी मोजूनच कळलं.

मसाईवर असलं काही तुंबणार नाही हे आधीच सांगतो. इथं समुद्र आडवा नाही, सरोवर नाही, सह्याद्री उत्तर-दक्षिण सरळ गेलाय त्यामुळे कड्याला धरून वारा वर चढतो तेवढाच फायदा. दहा वाजता कातळ तापला की एखादा भोवत्या गवतावरनं खाली खाली येतो, मग अचानक गोल घेत वर जातो आणि उत्तरेला लागतो, असं दिसलं तर दिवस वसूल. बाकी वेळ घारी.

एक काका म्हणाले कोल्हापुरात घार मोजणं म्हणजे रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या मोजणं, त्या असणारच. हसलो सगळे, पण हाच वाद अमेरिकेतही झालाय. तिथं टर्की गिधाडं इतकी की त्यातली जाणारी कुठली आणि तिथलीच कुठली कळेना, म्हणून त्या पहिल्या डोंगरावरसुद्धा कित्येक दशकं ती नियमित मोजलीच नाहीत. आता मोजतात, पण आधीची वर्षं गेली ती गेली.

घारीचं तर अजून अवघड. आपली नेहमीची घार आहेच, शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडनं काळ्या कानाची मोठी घार येते. दिल्लीत टॅग (रस्ता टिपणारं यंत्र) लावलेल्या असल्या घारींचा अभ्यास २०२० ला छापून आला, त्या वसंतात ३,३०० ते ४,८०० किलोमीटर उडून काराकोरम ओलांडून मध्य आशियात गेल्या. म्हंजे ज्या घारीला आपण उकिरड्यावरची म्हणतो ती एव्हरेस्टच्या खालोखालच्या शिखराच्या बाजूने जाणारी असू शकते. आणि 'आपली' घार तरी कुठं बारमाही एका जागी बसते, जास्त पावसाच्या पट्ट्यातनं ती पावसाळ्यात कोरड्या बाजूला सरकतेच की. मग स्थानिक कुणाला म्हणायचं?

ज्यांचं म्हणणं 'घार नको' त्यांचा मुद्दा खोटा नाही. काळ्या कानाची ओळखायची तर पंखाखालचा मोठा फिकट डाग, डोळ्यामागचा काळपट पट्टा आणि पोटाचा रंग बघायला लागतो, ती उन्हाच्या बाजूला उंच असली तर नुसती सावली दिसते, वर आपल्याच घारीचं पिल्लू पण रेघारेघांचं आणि फिकट डागांचं असतं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं ते म्हणतात. मला पटत नाही. नाव न लिहिता घार लिहिता येते की. टॅगने रस्ता कळतो पण तो त्या मोजक्या पक्ष्यांचा, एकूण किती गेल्या ते टॅग सांगत नाही.

त्यामुळे, आणि त्या गरुडांसारखीच इथंही नुसती बेरीज नको म्हणून, मोजणीच्या शीटमध्ये घारीला मी तीन रकाने ठेवलेत: सरळ उत्तरेला गेलेल्या, जागेवर गोल फिरणाऱ्या, आणि उलट दक्षिणेला आलेल्या. उत्तरेच्या आकड्यातनं दक्षिणेचा वजा करायचा का हा आणखी एक जुना वाद आहे, तो आत्ता नको, दोन्ही तसेच लिहा, वजाबाकी नंतर कधीही होते. काळ्या कानाची म्हणून लिहायची असेल तर फोटो पाहिजे. आणि तास कोरा गेला तरी तो तास लिहायचा, वारा आणि ढगांसकट. उठून चहाला गेलात तर तेही लिहा.