जांघेत अवधाण का येतं?

लावणीच्या दिवसांत करवंदीचा काटा तळव्यात मोडतो. संध्याकाळी ठणका लागतो आणि दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. कोकणात तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला, मग गाठ जांघेत का?

काट्यासोबत शिरलेले जीवाणू आधी त्वचेतच मुक्कामाला असलेल्या महाभक्षक पेशींच्या हाती लागतात. या पेशी जीवाणू गिळतात, शिवाय सायटोकाइन ही रसायनं सोडून हाकही देतात. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. केशवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात; लाली आणि सूज येते ती यामुळेच. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट प्रथिनं उगवतात. रक्तासोबत धावणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळतात, गडगडत मंदावतात, थांबतात आणि अंग चेपून फटीतून बाहेर पडतात. काही तासांत जखमेत त्यांची दाटी होते. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल घडवते, कारण त्या जीवाणू मारता मारता स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच. तो दाबून पिळू नये. गळवाभोवतीचं कुंपण फुटलं की जीवाणू आजूबाजूला पसरतात.

डेंड्रिटिक पेशींचं काम वेगळं. त्या जीवाणूचे तुकडे अंगावर घेऊन लसिकावाहिनीतून, म्हणजे ऊतींत पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या नळीतून वर जातात, थेट जांघेतल्या लसिकाग्रंथीत. टी पेशी म्हणजे एकेक ठरावीक तुकडाच ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिथे त्या तुकड्याशी जुळणारी टी पेशी लाखातून एखादीच असते, कधी तीही नसते. ती भेटली तरी डेंड्रिटिक पेशीकडून धोक्याचा दुसरा इशारा मिळाल्याशिवाय कामाला लागत नाही. ही दुहेरी खातरजमा फार मोलाची आहे, नाहीतर स्वतःच्याच शरीरावर हल्ला व्हायचा. इशारा मिळाला की टी पेशी भराभर विभागते आणि बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला मदत करते. ही सारी गजबज म्हणजे अवधाण. प्रतिपिंडं यायला साधारण आठवडा लागतो. ती जीवाणूला चिकटली की भक्षक पेशींची पकड पक्की बसते.

जखमेपासून जांघेकडे लाल रेघ चढू लागली, तर जीवाणू लसिकावाहिनीत शिरले आहेत. लगेच डॉक्टर गाठावा.

चिखल-पाण्यातून अंगात शिरणारा, लेप्टो तापाचा जीवाणू लेप्टोस्पायरा मात्र ही साखळी सुरुवातीलाच चुकवतो. त्याच्या बाह्य आवरणातला मेद-शर्करेचा रेणू माणसाच्या पेशींवरचा नेहमीचा संवेदक नीट ओळखत नाही. हाक उशिरा जाते, तोवर जीवाणू रक्तातून यकृत-मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. जखमेवर पू नाही, सूज नाही. म्हणून चिखलात काम केल्यावर ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या, तर पायावर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं आणि शेतात उतरलो होतो हे आपणहून सांगावं.