कोपनहेगन अबसालोनने वसवलं का?

डेन्मार्कच्या राजधानीबद्दल ‘११६७ साली बिशप अबसालोनने कोपनहेगन वसवलं’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या सांगितलं जातंय. ते खरं नाही. त्याने बांधला तो किल्ला. क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याच्या तळघरात उतरलं की त्याच्या गोल तटाचे चुनखडीचे चिरे आजही दिसतात. पण राखायला काही होतं म्हणूनच तट उभा राहिला ना! मेट्रोच्या कामात टाउन हॉल चौकाशी खोदताना थेट अकराव्या शतकातली थडगी निघाली, म्हणजे व्हायकिंग काळाच्या अखेरीपासूनच इथे माणसं राहत होती, मरत होती. गावाचं जुनं नाव नुसतं ‘हाउन’, म्हणजे बंदर. ‘कोपनहेगन’, म्हणजे ‘व्यापाऱ्यांचं बंदर’, हे नाव मागाहून आलं. श्रेय एकट्या बिशपला देताना इथल्या कोळ्या-व्यापाऱ्यांवर फार अन्याय झालाय.